प्रकल्प नोंदी : नारायण पेठेतलं फराळाचं दुकान

१० जून २०२५, मंगळवार

काम: दुकानाच्या पोस्ट आणि निरोपांचं, म्हणजे कंटेंट मार्केटिंगचं नियोजन. पहिली बैठक दुकानातच झाली, काउंटरमागच्या माळ्यावर. काका (दुकान त्यांचं) दुकान सोडून कुठे येत नाहीत. मसाले, भाजण्या, पापड-कुरडया, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत मोदक नि फराळ. दुकान १९७४ पासूनचं. मागच्या चौकात भट्टी, दोन मोठ्या कढया, कामाला सात बायका.

इन्स्टाग्रामचं खातं काकांचा पुतण्या बघतो. तीन वर्षांत ४१२ पोस्ट. घरी येऊन सगळ्या मोजल्या. त्यातल्या २७० नुसत्या शुभेच्छा आहेत: एकादशी, महाराष्ट्र दिन, मैत्री दिन, योग दिन. खालचा पत्ता झाकला तर चपलांच्या दुकानालाही त्या चालल्या असत्या.

मला बोलावण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर पुतण्याने अनारशाची एक रील टाकली. पंधरा सेकंद. तुपात अनारसा सोडलेला, खसखशीची बाजू वर, हळूहळू जाळी पडत जाते. एरवी त्यांच्या रील तीन-चारशे जण बघतात. ही दोन दिवसांत दोन लाखांवर गेली. फोन थांबेनात. वहिनींनी (काकांची सून, ऑर्डर आणि हिशेब त्याच बघतात) येतील तेवढ्या ऑर्डर घेतल्या, पैसेही घेतले. आणि पीठ संपलं.

अनारशाचं पीठ मागणी बघून होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून सावलीत सुकवायचे, थोडे दमट असतानाच कुटायचे, गुळात मळून मुरत ठेवायचे. त्यांनी घाई केली. घाईचे अनारसे तुपात हसले, पसरून विरून गेले. सत्तर जणांचे पैसे परत द्यावे लागले. गूगलवर एक तारा देणाऱ्या १९ प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या दोन तीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या आहेत, आणि काकांना त्या पाठ आहेत.

शेवटी त्यांनी विचारलं, "पन्नास वर्षं दुकान चाललंय. या सगळ्याचं नियोजन वगैरे खरंच लागतं, की खातंच बंद करून टाकू? तू खरं सांग."

मी म्हटलं, "काका, एक आठवडा मला वजनकाट्याशेजारी बसू द्या. मग सांगते."

१७ जून, मंगळवार

पाच दिवस बसले. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी साडेचार ते साडेआठ. समोरचा असो की फोनवरचा, प्रत्येक प्रश्न माणसाच्या तोंडचा जसाच्या तसा लिहिला. १८६ झाले.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: दुपारी दुकान उघडं असतं का आणि गाडी कुठे लावू. गूगलवर दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ सलग उघडं दाखवतं. हडपसरहून एक बाई भर उन्हात दोन वाजता येऊन बंद दार बघून गेल्या, संध्याकाळी परत फोन करून रागावल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आजच वेळा दुरुस्त केल्या, दहा मिनिटांचं काम. तीन वर्षांत ते कोणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष रीलवर.

त्याखालोखाल मसाले. गोडा मसाला आणि काळा मसाला एकच का? कोणी एकच म्हणतं, कोणी नाही. काकांचं उत्तर मला फार आवडलं: "तुमच्या घरी आमटीत काय घालतात ते सांगा, मग मी सांगतो तुम्हाला कुठला हवाय." आमच्याकडच्या गोड्या मसाल्यात धने, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल पुढे आणि मिरची बेताची; काळ्यात मिरची पुढे. पण काही घरांत गोड्यालाच काळा म्हणतात, त्यामुळे नावावरून पाकीट दिलं की हमखास परत येतं.

शुक्रवारी एक मुलगी आली. नवीन लग्न झालेलं, इथूनच भाजणी नेली होती, आणि चकली तेलात विरघळली. ती भाजणीला नावं ठेवायला आली होती. काकांनी तिला बसवलं. मोहन किती घातलंस? तेल की तूप? पीठ उकडीचं केलंस की गार पाण्यात भिजवलंस? मोहन जास्त झालं की चकली तेलात फुटते, कमी झालं की दाताला लागते, तेल नीट तापलं नाही की तेल पिते. बारा मिनिटं. तिने आणखी अर्धा किलो भाजणी घेतली. मी विचारलं, हे तुम्ही किती जणांना सांगता? म्हणाले, ऑक्टोबरात रोज वीसेक जणांना.

त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते.

२० जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात आल्या. रस्ते बंद, दुकान जवळजवळ बंदच. दरवर्षी दुकानातून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू जातात, यंदाही गेले. पुतण्याला त्याची रील हवी होती, मागे दुकानाच्या नावाचा फलक घेऊन. त्याचं म्हणणं असं की आज सगळं पुणे हेच बघतंय, आपलंही दिसू दे. काका म्हणाले, "देतोय ते दाखवायला देत नाही."

मी वहीत नवं पान काढलं: काय दाखवायचं नाही. पहिली नोंद ही. नियोजनात हे पान हवंच, आणि ते आधी लिहिलेलं हवं. ऐन वेळी उत्साहात कोणाला आठवत नाही.

२ जुलै, बुधवार

आज आराखडा मांडला. माळ्यावरच्या भिंतीला कागदाचा मोठा तक्ता लावला. मोबाइलमधल्या तक्त्याला काका हात लावणार नाहीत, आणि मावशी (तळणाचं काम गेली बावीस वर्षं त्याच करतात) तर नाहीच.

पुतण्याला एका एजन्सीने महिन्याला तीस पोस्टचं पॅकेज दिलं होतं. त्यात रोज काय टाकायचं ते आधीच ठरलेलं: सोमवारी प्रेरणा, मंगळवारी टिप, शुक्रवारी प्रश्नमंजूषा. ते मी दोनदा वाचलं. त्यात कढईचा उल्लेख नाही. किती किलो माल निघतो, कोण कधी रजेवर असतं, कशाला किती दिवस लागतात, यातलं काहीच नाही. अशा कागदाला नियोजन म्हणायला माझी तयारी नाही. ती रिकाम्या जागा भरायची यादी आहे.

आमच्या तक्त्यात सण उजवीकडे लिहिले आणि तिथून उलटं मोजत डावीकडे आलो. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर. पाकिटं पोचायला हवीत १५ पर्यंत. अनारशाचं पीठ तयार हवं त्याच्या आठ दिवस आधी. म्हणजे तांदूळ भिजणार सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे ऑर्डर कधी उघडायची, किती किलोला बंद करायची, आणि त्याविषयी लोकांना पहिल्यांदा कधी सांगायचं, हे आज जुलैत ठरतं. प्रत्येक ओळीत चारच गोष्टी: माल किती निघेल, ऑर्डर कधी थांबेल, वहीतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आणि ते कोण करणार.

हे करताना एक चूक लगेच दिसली. आषाढी येत्या रविवारी आहे आणि उपासाच्या भाजणीबद्दल आम्ही अजून एक शब्द बोललेलो नाही. साबुदाणा, वरई, राजगिरा, जिरं भाजून भाजणी तयार पडून आहे, आणि गिऱ्हाइकांचा किराणा भरून झालाय. ही वेळ गेली. तक्त्यात लाल रेघ मारून ठेवली, पुढच्या वर्षी दहा दिवस आधी.

आठवड्याला किती दिवस पोस्ट टाकायची, यावर वाद झाला. पुतण्या म्हणतो रोज. मी दोन म्हटलं. वहिनी ऑर्डर घेतात, हिशेब बघतात, मुलीची शाळा बघतात. रोजचं ओझं तिसऱ्या आठवड्यात गळून पडेल. दोनच, पण चुकवायचे नाहीत.

दुसरा मुद्दा जागेचा. दुकानाचं खरं गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं आहे आणि ते व्हॉट्सॲपवर आहे. वहिनींच्या ऑर्डरच्या वहीत अकराशे नंबर. त्यांनी पूर्वी ब्रॉडकास्ट लिस्ट केली होती आणि ती चालत नाही म्हणून सोडून दिली. कारण साधं आहे. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि ज्याने दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच संदेश जातो. बाकीच्यांना काही मिळतच नाही. आता पिशवीवर शिक्का मारणार: हा नंबर सेव्ह करा आणि "फराळ" असा मेसेज पाठवा. जो पाठवेल त्यालाच लिस्टमध्ये घ्यायचं. वहीत नंबर आहे एवढ्याने वाटेल तेव्हा निरोप धाडायची मुभा मिळत नाही.

काकांना कंटेंट मार्केटिंग हा शब्द जड वाटत होता. मी त्यांना सांगितलं की मिशलिन ही टायरची कंपनी, तिने १९०० साली फ्रान्समधल्या मोटारवाल्यांना एक पुस्तिका फुकट वाटली: गाडी कुठे दुरुस्त होईल, कुठे जेवायला मिळेल. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार. काका उठले आणि खणातून पिवळी पडलेली चिठ्ठी घेऊन आले. गोड्या मसाल्याच्या पाकिटाला टाचलेली, चिंचगुळाच्या आमटीची कृती. त्यांच्या आईने सांगितलेली, १९८२ मध्ये छापून घेतलेली. "हे तसलंच ना?"

तसलंच. अगदी तसलंच. ही चिठ्ठी दहा वर्षांपूर्वी छपाई महागली म्हणून बंद झाली होती. आमची पहिली पोस्ट तीच असेल.

११ जुलै, शुक्रवार

चकलीचा पहिला व्हिडिओ. सकाळी सात वाजता, कारण नंतर चौकात ऊन तिरपं येतं आणि एक्झॉस्ट पंखा लावल्यावर कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. फोन एका डब्यावर टेकवून ठेवला. मावशी चेहरा दाखवायला तयार नाहीत. हात दाखवतील. तेवढं पुरे.

पहिल्यांदा लिहून दिलेलं वाचायला लावलं, ते कोरडं झालं. मग कागद बाजूला ठेवला आणि वहिनींनी त्या मुलीसारखेच प्रश्न विचारले. मावशी लगेच बोलायला लागल्या: "तेलात एवढुसा गोळा टाकून बघायचा. लगेच वर आला तर तेल तयार. तळाशी बसला तर थांब. आणि कढईत चकल्यांची गर्दी करू नको, तेल गार होतं." मग मोहनाचं माप, त्यांच्या वाटीने.

व्यवसायाच्या खात्याला गाजलेली गाणी वापरता येत नाहीत, हे पुतण्याला माहीत नव्हतं. त्याच्या दोन जुन्या रीलचा आवाज त्यामुळेच बंद झाला होता. आम्ही गाणं घातलंच नाही. तळणाचा आवाज आहे, सोऱ्या फिरल्याची करकर आहे.

लांबी दोन मिनिटं दहा सेकंद. पुतण्या म्हणाला, एवढं कोण बघणार? ज्याची चकली फसलीये तो बघेल.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज मोठी चूक होता होता राहिली. चकलीच्या व्हिडिओचा दुसरा भाग आज सकाळी नऊला आपोआप जाईल असा मी लावून ठेवला होता. काल संध्याकाळी मावशींनी सहज विचारलं, उद्या काय दाखवणार? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, उद्या कोणी तळत नाही."

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाचे दिंड उकडतात. दुकानाची भट्टीही आज बंद असते. मला हे माहीत होतं, आमच्या घरीही पाळतात, पण तक्ता भरताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त मंगळवार होता. सकाळी नऊला आमच्या दुकानाची उकळती कढई लोकांच्या फोनवर गेली असती आणि निम्म्या गिऱ्हाइकांना ते खटकलं असतं.

व्हिडिओ काढून घेतला. त्याजागी वहिनींनी घरी केलेल्या दिंडांचा फोटो, दोन ओळींत कृती. आणि तक्त्याच्या सगळ्या ओळी आज दुपारी मावशींपुढे वाचून दाखवल्या. त्यांनी आणखी दोन ठिकाणी हात ठेवला. यापुढे महिन्याचा तक्ता त्यांनी ऐकल्याशिवाय पक्का नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आकडे. चकलीचा व्हिडिओ २,९०० जणांनी पाहिला. अनारशाच्या रीलपुढे काहीच नाही. पण ३४० जणांनी तो सेव्ह केला आणि जवळपास तेवढ्यांनीच पुढे पाठवला. "फराळ" मेसेज पाठवून लिस्टमध्ये आलेले २१२. भाजणीची विक्री गेल्या श्रावणापेक्षा थोडी वर आहे, पण ती याच्यामुळे असं मी म्हणणार नाही. यंदा पाऊसही चांगला आहे आणि लोक घरी तळतात.

२४ ऑगस्ट, रविवार

वाईट बातमी. टपाल खात्याने उद्यापासून अमेरिकेला जाणारी पार्सलं घेणं तात्पुरतं थांबवलंय. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढली. ती जकात कोणी, कशी गोळा करायची हे स्पष्ट नाही, त्यामुळे विमान कंपन्या टपाल उचलायला तयार नाहीत.

आमच्या तक्त्यात सप्टेंबरचे तीन आठवडे परदेशी फराळासाठी होते आणि त्यातला मोठा भाग अमेरिका. गेल्या वर्षी ६१ डबे तिकडे गेले. बे एरिया, डॅलस, न्यू जर्सी. पाठवणारे इथले आईवडील, कोथरूड-सहकारनगरचे. मुलांसाठी डबा भरणं हेच त्यांचं दिवाळीचं मोठं काम.

पुतण्या म्हणाला, आत्ता काही बोलायला नको, दहा दिवसांत सुरू होईल. वहिनींचं मत उलट. मी वहिनींच्या बाजूने. बाकीचे लोक आजपासून विचारणार आहेत, आणि आपण गप्प बसलो तर दहा दिवसांनी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसू. दुपारी संदेश गेला: अमेरिकेची ऑर्डर सध्या घेत नाही, आगाऊ पैसे कोणाकडूनही घेणार नाही, सुरू झालं की याच यादीवर आधी कळवू. ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया नेहमीप्रमाणे.

संध्याकाळपर्यंत चाळीस उत्तरं. बहुतेकांनी "कळवल्याबद्दल धन्यवाद" लिहिलं. एका आजोबांनी लिहिलं, "मुलाला मीच सांगतो, त्याला वाईट वाटेल." ते वाचून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

आपण आधी नीट तक्ता केला नसता तर नेमकं काय मोडलं हेही आज कळलं नसतं. तीन ओळी खोडल्या, दोन पुढे ढकलल्या, ब्रिटनची एक अलीकडे आणली. तासाभराचं काम.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बुधवारी बसले. उकडीचे मोदक रोज आठशे, त्यापुढे नाही. हातवळणीच्या पाच बायका आहेत आणि पारी पातळ हवी तर वेग वाढवता येत नाही. चतुर्थीची ऑर्डर सोमवारी दुपारीच भरली. "चतुर्थीचे मोदक संपले, शनिवारसाठी शिल्लक आहेत" अशी पोस्ट टाकायला काका घाबरत होते. दुकानदाराने "नाही" असं लिहून लावायचं, हे त्यांना अवघड गेलं. कोणी रागावलं नाही. शनिवारचे मोदकही गेले.

या आठवड्यात सगळ्यात जास्त पुढे पाठवली गेलेली पोस्ट मात्र मोदकांची नाही. पेठेतले कुठले रस्ते संध्याकाळी बंद आहेत, मंडई मेट्रो स्थानकातून दुकानापर्यंत चालत कसं यायचं, कुठल्या वेळी गर्दी कमी. पुतण्याने स्वतः चालत जाऊन ती वाट शूट केली. उत्तम काम केलं त्याने.

४ सप्टेंबर, गुरुवार

जीएसटी परिषदेने काल दर बदलले. पाकीटबंद नमकीन आणि तूप १२ टक्क्यांवरून ५ वर, २२ सप्टेंबरपासून. दिवाळीच्या दरपत्रकाची छपाई आज सकाळी जाणार होती, थांबवली. काका म्हणाले, जेवढा कर उतरेल तेवढा दर उतरवायचा आणि तसं लिहायचं. २२ तारखेची पोस्ट ठरली. रविवारनंतर पितृपक्ष लागतो; त्या पंधरवड्यात सणाचं काही टाकायचं नाही, फक्त मसाल्यांची माहिती.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

अनारसे.

पंधरा दिवस मी या दिवसाची तयारी करतेय. मागच्या वर्षीची चूक जिथे झाली तिथेच ती भरून काढायची होती. व्हिडिओ तीन दिवस थोडा थोडा घेतला: भिजलेले तांदूळ, बदललेलं पाणी, पंचावर पसरलेले दाणे, उखळाऐवजी आता गिरणी पण चाळणी तीच, गूळ किसणारे हात. शेवटी तळण, तेही पाच सेकंद. काकांचा आवाज: "एवढा वेळ लागतो म्हणून यंदा आम्ही १४० किलोच करणार आहोत. ते झाले की ऑर्डर बंद. गेल्या वर्षी आम्ही शब्द पाळू शकलो नाही, त्याची माफी मागतो."

शेवटचं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. त्यांनी आपण होऊन म्हटलं. मी पुन्हा शूट करू का विचारलं, ते नको म्हणाले.

मागे ज्या सत्तर जणांचे पैसे परत केले होते, त्यांना वहिनींनी एक दिवस आधी फोन केले. ४४ जणांनी ऑर्डर दिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सोलापूर, धाराशिव, बीडकडे पुराने शेतं वाहून गेलीत. आमच्या सात जणींतल्या एकीचं माहेर धाराशिव जिल्ह्यात. ती परवापासून फोनला चिकटून आहे. नवरात्राच्या दोन पोस्ट थांबवल्या. ऑर्डरचे निरोप तेवढे चालू ठेवले. दुकानातून कोरडा शिधा गेला, त्याचा फोटो काढला नाही. पान तेच, जूनमध्ये काढलेलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अनारशांची ऑर्डर सहा तारखेला बंद झाली.

पुतण्याबद्दल मी अन्याय करत होते हे लिहून ठेवायला हवं. काल त्याने कोणाला न विचारता एक व्हिडिओ टाकला. मावशी त्याला सोऱ्या फिरवायला शिकवतायत आणि त्याची चकली दर वेढ्याला तुटतेय. मावशी म्हणतात, "हात सैल सोड, ती स्वतः वळते." तक्त्यात त्याची कुठेच जागा नव्हती. आमच्या चार महिन्यांतल्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त पाहिला गेला, आणि खालच्या प्रतिक्रियांत लोक आपापल्या आईच्या, आजीच्या चकल्यांविषयी लिहितायत.

गेल्या वर्षी असाच एक व्हिडिओ त्यांच्या अंगाशी आला होता. यंदा आला नाही, कारण खाली पहिल्याच ओळीत चकलीची शेवटची तारीख होती आणि भाजणीची पाकिटं कोपऱ्यात रचून तयार होती. मी मात्र आठवड्याचे दोन्ही दिवस ठरवून टाकले होते, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती. आजपासून दोनातला एक दिवस मोकळा. त्या दिवशी काय टाकायचं ते तो ठरवेल. मावशींना एकदा दाखवायचं, बस.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अमेरिकेची टपालसेवा आजपासून परत सुरू. परवा वसुबारस. डबा आज निघाला तरी दिवाळीत पोचणं शक्य नाही, आणि विक्रीच्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के जकात इथेच आगाऊ भरायची.

ऑगस्टमध्ये कळवू म्हटलं होतं, म्हणून आज कळवलं. कुठलीही साखरपेरणी न करता: दिवाळीत पोचणार नाही. हजार रुपयांच्या मालावर पाचशे जकात, टपालखर्च वेगळा. तरी हवा असेल तर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पोचेल. चिवडा, चकली, शंकरपाळे टिकतील. करंज्या आणि अनारसे पाठवू नका असं आमचं सांगणं आहे.

रात्रीपर्यंत ६१ पैकी २३ जणांनी डबा सांगितला. त्यात ते आजोबाही आहेत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. मावशींना काल पहिल्यांदा सुट्टी मिळाली.

काका, वहिनी, पुतण्या आणि मी हिशेबाला बसलो. फॉलोअर बाराशेने वाढले. अनारसे १३८ किलो गेले, दोन किलो वाटले. पैसे परत करावे लागले असे तीनच, तिन्ही कुरिअरमध्ये फुटलेले डबे. गूगलवर या महिन्यात एक तारा एकाने दिला, गाडी लावायला जागा नाही म्हणून. विक्री वाढली, किती वाढ उतरलेल्या कराची, किती गोड्या बोलण्याची आणि किती आमची, हे वेगळं काढायचा प्रयत्न मी केला नाही.

वहिनींनी एक आकडा दिला तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गेल्या ऑक्टोबरात त्या रात्री अकरापर्यंत फोनवर होत्या. यंदा साडेआठला फोन बंद करून जेवायला गेल्या, सलग वीस दिवस. चकली का फुटते विचारणाऱ्याला व्हिडिओ पाठवायचा, तारीख विचारणाऱ्याला दरपत्रक.

जूनचा प्रश्न मी परत काढला. काकांना म्हटलं, लागतं का नियोजन, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "नियोजन आमचं होतंच गं. मिरची कधी घ्यायची, तांदूळ कधी भिजवायचे, बायका कधी लावायच्या. फक्त बोलायचं काम आम्ही त्याच्या बाहेर ठेवलं होतं." मग थोडं थांबून पुतण्याकडे बघत, "आणि ते याच्या एकट्यावर टाकलं होतं."

४ नोव्हेंबर, मंगळवार

हस्तांतर. माझं काम इथे संपतं. १८६ प्रश्नांच्या वहीची झेरॉक्स मी ठेवली, मूळ वही काउंटरवर राहील. नवा प्रश्न आला की वजनकाट्यावर जो असेल त्याने लिहायचा. आज सकाळी १८७ वा आला: करंजीचं सारण उरलंय, त्याचं काय करू?

भिंतीवरचा तक्ता फाटला होता, नवा लावला. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार २७ नोव्हेंबर. भोगी १३ जानेवारी, तिथून उलटं मोजून तीळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मार्केट यार्डातून आणायचे. तेव्हा पुतण्या काकांसोबत भुसार विभागात जाणार आहे, फोन घेऊन. आषाढीच्या दहा दिवस आधीची लाल रेघ नव्या तक्त्यावर वहिनींनी स्वतः मारली. एप्रिलच्या चौकोनात काकांच्या अक्षरात लिहिलंय: "गच्चीवर मिरची वाळत घालणे. हे दाखवायचं." खाली मावशींनी पुतण्याकडून लिहवून घेतलंय: "सकाळी आठच्या आत. नंतर ठसका लागतो."